लाभ

गावाचा इतिहास लिहायचा म्हणून
संकेश्वरच्या पेठेत सत्त्याप्पा मापाऱ्याकडे गेलो.
त्यानं वही काढली.
मिरचीचा खकाणा
पानांतून अजून नाकाला झोंबणारा.

सन नाहीत, राजे नाहीत.
‘बाळव्वा कुंभारीण, दीड मण, मापाई बाकी.
कासीम पिंजारी, पोतं फाटकं.’
मोडीत सुरू झालेली ओळ
मध्येच कन्नडात वळलेली,
शाई तीच.

मोजताना तो एक म्हणत नाही,
लाभ म्हणतो,
मग एरडू, मूरू, चार, पाच
कुठं ओलांडलं, त्यालाही कळत नाही.

छप्पन साली सरहद्द आली, तेव्हा?
पारडं धोतरानं पुसत म्हणाला,
त्या सालाला आवक कमीच हुती.
बाळव्वाची मापाई तेवढी ऱ्हायली.
तिची नात बँकेत हाय म्हणं, निपाणीला.