छबाक्काचा पारा

गुजरीची शटरं उघडायच्या आत
आई गटारीला लागलेली असायची.
एका हातात ब्रश, दुसऱ्या हातात घमेलं.
उंबऱ्यापासून गटारीच्या तोंडापर्यंत
जेवढी म्हणून धूळ, तेवढी आमची.
हेरलेकर शेठला सालाचे पैसे मोजलेले,
धुळीचे.

पंचगंगेच्या घाटावर लाकडी परातीत धुतलं
की माती जायची, केस जायचे, विड्यांची थोटकं जायची.
तळाला काळी रेती.
त्यात सोनं असायचं म्हणे. मला कधी दिसलं नाही.
आई म्हणायची, तुला कशाला दिसाय पायजे,
त्याला दिसतंय.

तो राहायचा लोखंडी बाटलीत.
लोखंडाशी त्याचं जमत नाही, म्हणून लोखंडाच्याच ताब्यात.
जमतं त्याच्याकडं ठेवला असता
तर घर खाल्लं असतं त्यानं.
बाटली पाव लिटरची. पहिल्यांदा उचलली
तेव्हा मनगट खाली गेलं,
जणू तळातनं कुणीतरी धरून ठेवलंय.

रेतीत ओतला की हजार तुकडे.
पाणी जाईल तिथं ओल ठेवतं,
हा बोटावरून जातो आणि बोट कोरडं,
पाहुणा आला, चहा न घेता गेला.
पण सोन्याचा कण भेटला की थांबतो.
आत घेतो.
मग आई सगळे तुकडे अंगठ्यानं हाकत आणायची
शेरडं आणावीत तशी,
एकाला एक लागला की दोघांचा एक,
सांधा कुठं सापडायचा नाही.

फडक्यातून पिळला की पातळ तेवढा खाली,
मुठीत लोण्यासारखा पांढरा गोळा.
तो पोखरलेल्या बटाट्यात घालून शेगडीवर.
पारा बटाट्यात शिरायचा, सोनं पत्र्यावर बसायचं.
त्यो बटाटा खायचा न्हाई –
आमच्या घरातला हा पहिला धडा,
अ-आ-इच्या आधीचा.
पोरांना अंगणात हाकलून
शेगडीजवळ बसायची ती एकटीच.
वाफ दिसत नाही. वासही नाही.

एकदा डोरल्याच्या मण्याला लागला.
मणी बघता बघता पांढरा.
बाबा तेव्हा चांगले जितेजागते, दारात दात घासत होते.
आई काही बोलली नाही.
चिमट्यात धरून मणी जाळावर धरला, पिवळा होईस्तोवर,
आणि गळ्यात घातला, गरम असतानाच.

शाळेत शिकले, पारा उणे एकोणचाळीसला गोठतो.
आई म्हणाली, कोल्हापुरात एवढी थंडी पडायची न्हाई.
मी म्हटलं, गोठला की हातोडीनं ठोकता येतो, शिशासारखा.
ती जरा वेळ परातीकडं बघत राहिली.
तसा बघाय पायजे एकदा, म्हणाली.
गप झाल्याला.

आता तिला सुई ओवता येत नाही.
बशीतला चहा पदरावर.
हिरड्या दुखतात, तोंडाला कायम जुन्या पैशाची चव.
बारक्या गोष्टीवरनं भांडण काढते, मग रडते,
मग कशावरून ते विसरते.
गल्लीत म्हणतात, छबाक्काचा पारा लई चढतोय अलीकडं.
म्हणतात ते हसून.

सीपीआरमध्ये दीड तास ओळीत.
डॉक्टरीणबाईंनी दंडाला पट्टा बांधला, फुगा दाबला.
जुनं यंत्र, पत्र्याच्या पेटीतलं.
काचेच्या नळीत तो वर चढू लागला.
आईनं मान वळवून बघितलं
आणि किती दिवसांनी तिच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या.
ह्यो तर आपलाच की गं!

बोलू नका, आजी, आकडा चुकतो.
आई गप्प.
हात तेवढा थरथरत होता,
आणि खाली उतरताना नळीत तोही
तिच्या एकेका ठोक्याला जरासा उडत,
पुन्हा उतरत, शून्याला टेकला.

किती आला, ते तिनं विचारलं नाही.
उठताना पेटीचं झाकण स्वतः लावलं,
आणि बोटाच्या नखानं वाजवून बघितलं
लोखंडाचंच आहे ना.