मार्केट

आईला फोनवर सांगितलं, मी मार्केटला राहते.
ती म्हणाली, अगं बाजारात कसली राहतेस,
आतल्या गल्लीत बघ एखादी खोली, शांत.

गावाचं नावच तसं आहे, आई. कुण्या फ्रेंच पाद्र्याचं.
पण तू म्हणालीस ते अगदीच खोटं नाही.
शंभर मैलांतली माणसं इथे कामं घेऊन येतात:
दाढ काढायची, टायर बदलायचे, कोर्टाची तारीख,
बाळंतपण, चष्मा, घटस्फोट,
आणि उजेड आहे तोवर परत निघतात,
कारण अंधार पडला की रस्त्यात हरणं उभी असतात.

म्हणजे आपलं वरुडच.
फक्त एसटी स्टँड नाही, संत्र्यांचे ढीग नाहीत,
आणि बाजार संपतो तिथे एक तळं सुरू होतं
त्याचा पलीकडचा काठ दिसत नाही.

बंदरात एक धक्का आहे, आठ मजली उंच.
इथून जहाजांत लोखंडाची माती ओतायचे.
रूळ कधीच उखडून नेले, हा मात्र उभा,
रिटायर झालेले मास्तर शाळेच्या फाटकाशी उभे राहतात तसा.
खरं काम आता वरच्या बंदरात.
रात्री वारा तिकडचा असला
की खनिजाच्या गोळ्या पन्हळीतून पडताना ऐकू येतात,
कुणीतरी लांबच्या स्वयंपाकघरात
पिंपात ज्वारी ओततंय.

मी कान तपासते.

मंगळवारी वेइक्को निएमेला आला, ग्रँड मरेहून, नव्वद मैल.
वय एक्याऐंशी. जन्मभर करवत चालवलेली.
मी प्रश्न त्याला विचारत होते, उत्तरं आइली देत होती.
कधीपासून ऐकू येत नाही?
ती म्हणाली, माझा घसा बसला तेव्हापासून.

यंत्र बसवलं.
त्याने सगळ्यात आधी ऐकलं स्वतःचं जाकीट.
हात वर केला, खाली घेतला, परत वर.
हे नेहमीच असं बोलतं?
अकरा वर्षं, आइली म्हणाली.

त्यांची यादी मोठी होती: बॅटरी, औषधं,
मीठाची पोती, बँकेत एक सही.
दुपारी डबा उघडला तेव्हा खिडकीतून दिसली
काठाशी उभी गाडी, इंजिन चालू,
आणि तो खाली, पाण्यापाशी.

जानेवारीत नवा बर्फ काचेएवढा पातळ असतो.
लाट आली की तुकड्यावर तुकडा चढतो, फुटतो,
कासाराने टोपली खांद्यावरून उतरवावी
तसा किणकिणतो सगळा किनारा.
मी स्वतः तीन हिवाळे तिथून नुसती चालत गेले होते.

आइलीने हॉर्न वाजवला.
त्याला ऐकू आला. खांदे हलले, मी पाहिलं.
परत वाजवला, लांब.
साडेतीनच्या आत निघायला हवं होतं त्यांना.

तो वळला नाही.