कारण, पन्नास शब्दांत

बर्नलीच्या कौन्सिलात तीन नंबरच्या खिडकीत
मी अर्ज घेते.
युवा निधीच्या अर्जात सातवा रकाना:
तुमची प्रेरणा काय? पन्नास शब्दांत लिहा.
पोरं लिहितात समाज, भविष्य, बदल.
शिक्का मारता मारता मला जांभई येते.

केझायाने तो कोराच ठेवला.
वय सतरा. पहाटे घरोघर पेपर टाकते,
बोटांना शाई.
सोबत शाळेची वही जोडलेली:
कालव्याकाठचे एक्केचाळीस खांब,
त्यातले विझलेले तेवीस,
प्रत्येकापुढे तारीख,
आणि एका ओळीत, 'इथे मिस्टर ओल्ड्रॉइड पडले.'

म्हटलं, अगं, काहीतरी लिही,
नाहीतर अर्ज परत येईल.
म्हणाली, अंधारात कुत्र्याच्या घाणीत पाय पडला. दोनदा.
हे लिहू?

दोघी हसलो.
मग वही मिटताना,
पावती मागावी तशा सुरात,
आई रात्रपाळीवरून त्याच वाटेने येते.
किल्ल्या अशा धरते.
आणि मूठ आवळून दाखवली,
बोटांच्या फटींतून बाहेर आलेली टोकं.

माझ्या पर्समध्ये जुडगा होता.
वीस वर्षं मीही तसाच धरते.
खांब कधी मोजले नाहीत.

रकान्यात शेवटी काय गेलं, कुणाच्या अक्षरात,
ते सांगत नाही. नियमात बसत नाही.

मार्चमध्ये सोळा दिवे लागले. सात बाकी.
परवा ती आली. आभार वगैरे काही नाही.
काचेखालून नवी वही सरकवली:
बसथांबे,
जिथे म्हाताऱ्यांना टेकायला जागा नाही.