मूठ

झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणतात.
माझी सकाळी साडेआठपर्यंत झाकतच नाही.
कोमट पाण्याच्या पातेल्यात दोन्ही हात सोडून
मी ओट्याशी उभी असते,
दुसऱ्याच कुणाचे हात भिजत घातल्यासारखी.

घणसोलीत आमची माथाड्यांची बैठी घरं,
भिंतीला भिंत.
त्या मार्चात गल्ली इतकी गप्प झाली
की तिसऱ्या घरातल्या कुकरच्या शिट्ट्या मोजता यायच्या.
लोक म्हणू लागले, कुठं जाता येत नाही,
कुणाला हात लावता येत नाही,
उद्याचं काही सांगता येत नाही.
मी हसले नाही.
खोटं कशाला, थोडी हसले.
या गावात मी अकरा वर्षं राहतेय,
तुम्ही काल आलात, सामान घेऊन.

थाळ्या वाजल्या त्या संध्याकाळी
मला उलथनं धरता आलं नाही.
दारात नुसतीच उभी राहिले.
समोरच्या वत्सलाबाईंच्या तेवढंच लक्षात राहिलं.

मग माझी गोळी टीव्हीवर आली.
जिचं नाव केमिस्टलाही दोनदा सांगावं लागे
ती एका रात्रीत सगळ्यांना पाठ.
यांनी कोपरखैरण्यापर्यंत एकेक दुकान पालथं घातलं.
स्टॉक नाही, मामा.
नऊ उरल्या होत्या.
अर्ध्या करून पुरवाव्यात म्हणून सुरी घेऊन बसले,
तर एक उडाली आणि फ्रिजखाली गेली.
फ्रिज सरकवायला ज्या मुठी लागतात
त्यांच्यासाठीच तर ती गोळी.

हे रोज वाशीला, कांद्याच्या गाळ्यावर.
बाजार बंद झाला, उघडला, पुन्हा बंद.
रात्री बाहेरच अंघोळ, बाहेरच ताट,
मी दाराच्या फटीतून टॉवेल देणार.
डॉक्टरांनी समजावलं होतं,
तुमची प्रतिकारशक्ती आपणच औषधाने खाली बसवलीय.
वर्गातल्या दांडगट पोरीला बसवतात तशी.
ती उठली तर माझेच सांधे चावणार.
आणि आता नेमकी नाही उठली तर...
हे वाक्य आम्ही दोघांनी कधी पुरं केलं नाही.
नव्व्याण्णव पॉइंट चार
माझ्या अंगात नेहमीच येऊन-जाऊन असतो.
त्या वर्षी तो आला की
हे थर्मामीटर दिव्याखाली नेऊन पुन्हा वाचायचे.

व्हिडिओवर डॉक्टर म्हणाल्या, बोटं जवळ आणा.
अजून जवळ.
आता दुसऱ्या हाताने दाबा, दुखतंय का सांगा.
दाबणारा अंगठाही दुखत होता.
कुठलं दुखणं कुठल्या हाताचं
मला सांगता येईना.

ओपीडीच्या बाकावर एकदा शेजारी बसलेली
दिव्याच्या कोळीवाड्यातली पोरगी,
फोनमध्ये नाव 'बाकावरची पूर्वा'.
तिला लुपस, मला संधिवात,
गोळी एकच.
तिला विचारायचं नाही असं ठरवलं होतं.
तिनेच विचारलं, ताई, किती उरल्यात?

तिसऱ्या दिवशी तिचा भाऊ स्कूटीवर आला,
कंपाउंडवर पिशवी ठेवून दहा पावलं मागं सरला.
सुकटीच्या पुडीत एक अख्खी स्ट्रिप.
महिनाभर माझ्या गोळ्यांना जवळ्याचा वास होता.
तिच्याकडे किती उरल्या ते तिने सांगितलं नाही.
मीही विचारलं नाही,
आणि ते अजून मला खुपतं.

मशीन उघडलं.
तिच्या गालावर उठतं ते लाल फुलपाखरू
मास्कने घासून सोलवटलंय, असं भाऊ बोलून गेला होता.
जुन्या मलमलीचा एक शिवायला घेतला.
एरवी दिवसाला चार ब्लाऊज काढणारी मी,
त्या एका मास्कला चार दिवस.
सुईत दोरा यांनी ओवला,
चष्मा कपाळावर, जीभ दातात.

रात्री तिचा आवाज आला फोनवर,
मऊ आहे गं ताई,
फक्त एका कानाचं इलॅस्टिक लांब झालंय.

असू दे, म्हटलं.
सकाळी शिवलंय ते.