ओवाळणी

रात्री अकरानंतर आमच्या घरात कुणीतरी हसतं.
आधी वाटलं, शेजारचे पारीख.
मग कळलं, हा आपल्याच पलंगाचा पलीकडचा काठ:
रजई हलते, आवाज नाही.

कुमुद कानात बोंडं घालून बघत असते
एक दाढीवाला पोरगा, हातात माईक,
मागे विटांची भिंत, बाजूला उंच स्टूल,
स्टुलावर पाण्याची बाटली.
‘काय म्हणाला?’ मी विचारतो.
ती एका कानातलं बोंड काढून सांगते
आणि सांगता सांगता विनोद मरतो.
‘तिथे हसायचं होतं,’ म्हणते,
आणि बोंड परत कानात.

चौतीस पाडवे झाले.
आधी साड्या, मग ताटात पाकीट,
मग पाकिटावर नाव लिहायचंही सुटलं.
यंदा म्हटलं, तिला आवडतं त्यातलं काही द्यावं.

मंगळ बाजारात टी-शर्ट होता,
छातीवर इंग्रजीत विनोद.
दुकानातल्या हर्षिलनं तो गुजरातीत समजावला,
मी मराठीत समजून घेतला,
तोवर गिऱ्हाईक गेलं होतं आणि विनोदही.
अलकापुरीत माईकच्या आकाराचा कप.
त्यातनं चहा प्यायचा म्हणजे
रोज सकाळी हरवलेल्या मुलाची घोषणा.

तिकिटंही होती. अकोट्यातला कॅफे, वरचा मजला.
पुढची रांग महाग.
का, विचारलं, तर काउंटरवरची मुलगी म्हणाली,
‘अंकल, आगळ बेसे एनी मस्करी करे.’
म्हणजे पैसे भरून अपमान.
मी एकतीस वर्षं बँकेच्या खिडकीत बसलो,
मला तो फुकट मिळत असे.

त्या रात्री तिच्या खांद्यावरनं बघितलं,
मला आवाज नव्हता, म्हणून नीट दिसलं:
त्या स्टुलावर कुणी बसत नाही.
पोरगा तासभर उभा, घामाघूम,
आणि स्टूल आपलं बाटली धरून
घरच्या माणसासारखं बाजूला.

पाणीगेटला जयंतीभाई मिस्त्रींकडे गेलो.
‘केटलुं ऊंचुं?’ त्यांनी विचारलं.
म्हटलं, बायको उभी राहिली की तिच्या कोपरापर्यंत.
‘कोपर क्यां आवे?’
मला सांगता येईना.
चौतीस वर्षं.
मी आपल्या छातीपाशी हात धरला,
मग थोडा खाली, मग पुन्हा वर.
जयंतीभाईंनी पेन्सिल कानावर ठेवली
आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले.

घरी ती चकल्या तळत होती.
पाणी प्यायच्या निमित्तानं मागे उभा राहिलो.
ओट्यापासून चार बोटं वर.
कोपराला पीठ लागलेलं,
आणि भाजल्याचा एक जुना डाग,
तो कधीचा, तेही मला ठाऊक नव्हतं.

पाडव्याला तिनं ओवाळलं.
मी ताटात सुपारी टाकली आणि पडद्यामागनं स्टूल काढलं.
सागाचं, पॉलिश अजून हाताला लागणारं.
‘हे काय? माळ्यावर चढायला?’
‘बाटली ठेवायला,’ मी म्हणालो.

ती काही बोलली नाही.
निरांजन तसंच जळत ठेवून आत गेली.
फ्रिज उघडल्याचा आवाज आला.
वाटलं, चुकलं. साडीच घ्यायला हवी होती.

ती बाटली घेऊन आली, स्टुलावर ठेवली,
पदर खोचला, भिंतीला पाठ करून उभी राहिली.
कोपर बरोब्बर.

‘आमचे हे,’ तिनं सुरुवात केली,
भिंतीला सांगतात तशा आवाजात,
‘परवा ओट्यापाशी येऊन माझ्याकडे टक लावून बघत उभे.
म्हटलं, देवा, चौतीस वर्षांनी उजाडलं!
वळून बघते तर नजर कुठे? कोपरावर...’

मी खुर्ची पुढे ओढली होती.
मी हसलो.

‘थांबा,’ ती म्हणाली, ‘अजून यायचंय.’