येऊन राहिलं

बेसा ओलांडून, नाल्याच्या अलीकडे
बाबांचा प्लॉट आहे. तीस बाय पन्नास.
सिमेंटचे चार खांब, एक वाकलेला,
आणि संत्र्याचं एक कलम.

इसारचिठ्ठी अठ्ठ्याऐंशीची.
आर. एल.चं पत्र अजून यायचंय.
ले-आउटवाला वारला, त्याचा मुलगा फोन उचलत नाही.
तरी रविवारी उपासना सुटली की
लुनाला दोन कॅन बांधून बाबा निघतात.

माझा नवरा पुण्याचा. विचारतो,
"पत्र आलं की येतंय?"
"येऊन राहिलं," बाबा म्हणतात.
तो हसतो : अहो, आलं, का राहिलं?

बाबा चिडत नाहीत.
अब्राहामाला, म्हणे, अख्खा देश कबूल झाला होता,
हाती आलं एक शेत, बायकोला पुरण्यापुरतं,
तेही रोख रुपं मोजून.
एवढं बोलून ते चष्मा पुसत बसतात.
आई जरीपटक्याच्या कब्रस्तानात आहे.
तिच्या जागेला कुठलं पत्र लागलं नाही.

मी देवाशी तेव्हापासून कमीच बोलते.

आज मेमधलं ऊन, कॅन मी धरला.
खुंटातून जंबेरीचे काटेरी फुटवे आले होते,
बाबांनी ब्लेडनं कापले, एकेक.
शेजारच्या बांधकामावरली बाई पाहत होती.
"फळ येते का जी याले?"

बाबांना ऐकू कमी येतं.
ते वाकून आळं सारखं करत होते.
बाई थांबून होती.
"येऊन राहिलं," मी म्हणाले.