एसी बंद करून

लॅमिंग्टन रोडच्या एका गाळ्यात, पोटमाळ्यावर
माझं टेबल. त्यावर उघडं मशीन,
ना कॅबिनेट ना झाकण, आतडी सगळी बाहेर.
भिंतीवर दोन्ही कंपन्यांची कॅलेंडरं,
एक लाल, एक निळं, शेजारी शेजारी,
उगाच कुणाला वाईट वाटायला नको.

कोणता घेऊ, असं सगळेच विचारतात
आणि उत्तर घरूनच घेऊन आलेले असतात.
मी फक्त मान डोलवायची.
सिद्धांत गमरे तसा नव्हता.
अकरा महिन्यांचे पैसे एका पाकिटात,
खांद्याला लॅबची शीतपेटी.
घरोघरी जाऊन रक्त गोळा करतो,
सकाळी सहाला, उपाशी माणसांचं.
म्हणाला, दोन्ही लावून दाखवा. बसतो मी.

किंमत जवळपास तीच. शे-सव्वाशेचा फरक,
तोही शेठच्या मूडवर.
कार्ड तेच, रॅम तीच, गेम तोच:
जळणारा बाजार, चाळीस माणसं पळतायत,
आणि एका वळणावर मला गोळी लागते.
तीनदा लाल चिपवर मेलो, तीनदा निळ्यावर,
त्याच वळणावर, त्याच गोळीनं.
मोजमाप म्हणजे हेच, दुसरं काय.

निळा: सेकंदाला एकशे अडतीस चित्रं.
लाल: एकशे एकतीस.
संपलं, म्हटलं. निळा.
तो म्हणाला, ही सरासरी झाली. सगळ्यात वाईट किती?
हे लोक विचारतात,
पण पैसे मोजून झाल्यावर.
शंभरातलं सगळ्यात रखडलेलं एक:
निळा अठ्ठ्याण्णव, लाल शहाण्णव.
बरोबरीत सुटले म्हणायचे.

त्यानं खोलीभर पाहिलं. मग वर.
"एसी कितीवर आहे?"
बावीस.
"मी विक्रोळी पार्कसाइटला, टेकडीवर. वर पत्रा.
मे महिन्यात दुपारी ही पेटी उघडायची भीती वाटते मला.
रक्त तापलं ना, की खोटं बोलायला लागतं.
साखर कमी दाखवतं."

मी एसी बंद केला. खिडकी उघडली.
सोल्डरचा धूर आणि हातगाडीवाल्याची एक शिवी
बरोबरच आत आली.
चाळीस मिनिटं आम्ही दोघं घाम पुसत
एका जळत्या बाजाराकडे बघत बसलो.

निळा सत्त्याण्णव अंशांवर गेला
आणि गपचूप मागे सरला,
भर पंगतीत वाढपी दमावा तसा.
एकशे बारा. वाईटात वाईट एकसष्ट.
लाल धापा टाकत होता, पण एकशे सव्वीसला होता,
आणि वाईटात एक्याण्णव.
निळ्याला मोठा पंखा लावता येतो, मी म्हटलं,
दोन हजार दोनशे. मग रॅम निम्मी घ्यावी लागेल.
निळ्याची बाजू कुणीतरी घ्यायला हवी होती.

पावती फाडताना सहज विचारलं, मॉनिटर कोणता?
"लॅबनं मोडीत काढलेला. चांगला आहे."
मागच्या लेबलचा फोटो होता मोबाइलमध्ये.
साठ हर्ट्‌झ.
म्हणजे एकशे सव्वीस असोत की एकशे अडतीस,
तुला साठच दिसणार रे बाबा.
हे सगळ्यात आधी विचारायचं असतं.
एकोणीस वर्षं या धंद्यात, आणि मी विचारलं नव्हतं.

तो थोडा वेळ गप्प. पेटीचा पट्टा सारखा केला.
"पण उरलेली आत तयार होतात ना?
दिसली नाहीत तरी?"
होतात.
"मग लाल द्या."

खोका फोडला. चिपच्या कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण
सॉकेटच्या त्रिकोणाला जुळवला,
ती आपल्याच वजनानं बसली. दाबायची नसते.
दांडी खाली घेताना कट्‌ असा आवाज होतो,
काहीतरी मोडल्यासारखा. कितीदा ऐकला तरी दचकायला होतं.
त्यानं श्वास धरला होता,
सुई टोचताना लोक त्याच्यासमोर धरत असतील तसा.

खालून शेठ ओरडला,
एसी कुणी बंद केला रे?